सातावर अडकलेलं चाक

लाखांदूरच्या फाट्यावर, पाणमोटारी भरून देणाऱ्या
आमच्या दुकानात, जळक्या वार्निशच्या वासात
ते चार पायांवर उभं आहे, मी चौथीत होते तेव्हापासून.
मंडईत आलेल्या मीनाबाजारवाल्यानं ठेवलेलं.
त्याच्या जनरेटरचं आर्मेचर बाबांनी रात्रभर बसून भरलं,
पैसे पुढच्या गावाहून पाठवतो म्हणाला.
पुढचं गाव अजून आलेलं नाही.

काचेवर मूळचे टोपीवाले घोडेस्वार होते.
नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या झिबल मेश्रामनं
त्यांना फेटे चढवले, घोड्यांना झुली,
आणि एका बाईच्या उघड्या खांद्यावर
पदर ओढून दिला, जरा घाईत.
खाली लाकडावरचं शिकागो तेवढं राहिलं.
बाबा ते सुटं सुटं वाचायचे, शि-का-गो,
देवरीच्या पलीकडचं एखादं गाव असावं तसं.

त्याचा इतिहास अर्धा मीनाबाजारवाल्यानं सांगितला,
अर्धा बाबांनी पोट खोलून वाचला:
“आंधी नुसते खिळे होते, पोरी.
तुम्ही फळीवर छर्रे सोडत होते ना, तसे.
गोळी जाईन तिकडे नशीब.
तिकडच्या सरकारनं जुगार म्हणून हातोड्यानं फोडले बी.
मंग कोणीतरी हे दोन हात लावले, बोटाएवढाले.
तवापासून नशिबाले उलटं मारता येते.”

आत चिप नाही. ती नंतर आली,
आणि म्हणे तेव्हापासून या खेळांच्या घंटा खोट्या झाल्या.
इथं कापडात गुंडाळलेल्या तारांचा मैलभर गुंता,
आणि तांब्याची तीच वेटोळी,
जी बांधीत पाणी ओढतात
ती इथं स्टीलची एक गोळी उडवतात.
एक ओळंबाही टांगलेला आहे, गवंड्याचा असतो तसा.
यंत्राला जास्त धक्का दिला की तो कडीला टेकतो
आणि सगळे दिवे मरतात.
किती ढकलायचं ते नूरबीच्या कंबरेला ठाऊक होतं.
नूरबी, तिकिटं फाडणारी, माझ्याएवढीच.

आठवण म्हणावी अशी वस्तू याच्यात एकच.
गुणांची चाकं.
वीज गेली तरी ती जिथं थांबली तिथंच राहतात.
दोन, नऊ, सात, शून्य.
नूरबीचे, मंडईच्या शेवटच्या रात्रीचे.
बाबांनी एकेक रिले घासला, जळकी कॉइल नवी भरली,
पण बटण कधी दाबलं नाही.
“चालू केलं का पहिले सगळं पुसते ते,” म्हणायचे
आणि दुसऱ्याच कुणाच्या पंपाकडे वळायचे.

गेल्या मंगळवारी रात्री अकराला लाईट आली.
मी दाबलं.
का, ते विचारू नका.
चाकं खडखडत पळाली, तीन शून्यावर टेकली,
सात हलेना.
आणि आतली मोटर फिरतच राहिली,
गर्र टक, गर्र टक,
कारण या यंत्राचा कायदाच तसा,
एक आकडा जरी मागचा उरला
तरी नवी गोळी मिळत नाही.

बाबा आतल्या खोलीत खाटेवर. हात कापतात आता,
कान नाही.
“पत्तीले मैल बसला असन,” ते म्हणाले. “जाड कागद घाल.”
खणात माझ्याच लग्नाच्या पत्रिकांचा उरलेला गठ्ठा होता.
एकीचा कोपरा फाडून दोन टोकांमधून ओढला,
त्यावर काजळाची बारीक रेघ आली.
सात मागे गेलं नाही.
आठ झालं. नऊ झालं.
मग शून्य.

गोळी बाहेर आली, पावट्यासारखी गार.
मी दांडा ओढला, सोडला.
एक घंटा, दुसरी घंटा,
मग ती सरळ त्या दोन हातांच्या मधून
खाली निघून गेली. मी बघत राहिले.

“किती?” बाबांनी आतून विचारलं.
“वीस.”
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
“मंग ढकललं कावून नाही?”